ज्यांची भाजी कोणी घेईना

धारहून मांडूला जाणाऱ्या वाटेवर नालछा हे गाव लागते. धार आणि देवास या दोन्ही ठिकाणी पवारांची राज्ये नांदली, आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या माळव्याच्या काळ्या मातीत रुजल्या. नालछ्याहून पुढे जाऊन मांडूच्या कड्यावर उभे राहिले, की विंध्याचे पठार एकाएकी संपते आणि दक्षिणेस निमाडचा सखल मुलूख पसरलेला दिसतो. त्या मुलखातून नर्मदा वाहते. तिच्या उत्तर तीरावर धार जिल्ह्यातील गावे आहेत, दक्षिण तीरावर बडवानीचा प्रदेश आहे. त्या दक्षिण तीरावर, बडवानीजवळच्या कसरावद या खेड्यात, १९९० पासून सुमारे दहा वर्षे एक वृद्ध मराठी जोडपे राहत होते. गृहस्थ पंचाहत्तरीचे. मणक्याच्या जुन्या दुखण्यामुळे त्यांस बसता येत नसे; उभे राहावे नाही तर आडवे व्हावे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्यांच्या पत्नी साठी ओलांडलेल्या. नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या धरणाच्या पाण्याखाली जाणार, म्हणून आपले भरले घर मागे ठेवून ही दोघे त्या शेतकऱ्यांजवळ येऊन राहिली होती.

हे जोडपे म्हणजे मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे आणि साधनाताई आमटे. बाबांचे नाव ऐकले, की कुष्ठरोग्यांची सेवा आठवते, व ते योग्यच आहे. परंतु आज आम्ही वाचकांपुढे या दोघांना प्रथम शेतकरी म्हणून उभे करणार आहोत. पडीक जमीन मोडून, विहीर खणून, भाजी पिकवून, ती बाजारात नेऊन विकू पाहणारे एक कुटुंब, या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहिले, तर आपल्यासारख्या नांगराशी नाते असलेल्या माणसांना त्यात शिकण्यासारखे पुष्कळ सापडते.

शेतकरी नवराबायकोच्या भक्तीची कथा ख्रिस्तसभेला नवी नाही. माद्रिदचे संत इसिदोर हे दुसऱ्याच्या शेतावर राबणारे सालदार होते आणि त्यांची पत्नी मारिया हिलाही ख्रिस्तसभेने धन्य म्हणून गौरविले आहे. १२ मार्च १६२२ या दिवशी ज्या पाच जणांस संतपद बहाल झाले, त्यांत आपल्या देशात येऊन गेलेले संत फ्रान्सिस झेवियर होते, तसेच हे इसिदोरही होते. सातासमुद्रापलीकडे धर्म घेऊन जाणारा प्रेषित आणि गावाची वेसही फारशी न ओलांडलेला नांगऱ्या, या दोघांचा सन्मान एकाच दिवशी झाला, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. आमटे पतिपत्नी आपल्या धर्मसभेतील नव्हती. त्यांस ओढूनताणून आपल्या पंगतीत बसविण्याचा आमचा मानस नाही. चांगुलपणा जेथे उगवेल तेथे त्यास मान द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. वरोऱ्याजवळील गोरजे येथे त्यांची मोठी शेती होती. तरुणपणी शिकारीचा नाद, चित्रपटांचा शौक, दिमतीला मोटार, असा त्यांचा थाट होता. पुढे ते वकील झाले व वरोऱ्यास वकिली करू लागले. तेथे त्यांच्या मनाला एक हिशेब बोचू लागला. आपण पंधरा मिनिटे बोलून जे पन्नास रुपये मिळवितो, त्याच्या शेकडा दोन इतकेही शेतमजुराच्या हाती दिवसभर राबून पडत नाही. ज्याने शेत पाहिले आहे त्यालाच हा हिशेब बोचतो. गांधीजींच्या विचारांनी त्यांच्या मनाची पकड घेतली आणि जमीनदाराचा मुलगा हळूहळू मजुराच्या बाजूला सरकला. आगगाडीत एका स्त्रीची विटंबना करणाऱ्या गोऱ्या शिपायांना त्यांनी एकट्याने अडविले, तेव्हा गांधीजींनी त्यांस ‘अभय साधक’ असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे.

साधनाताईंचे माहेरचे नाव इंदू. ५ मे १९२६ रोजी नागपुरात, घुले यांच्या जुन्या वळणाच्या शास्त्री घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरात सोवळेओवळे, पूजाअर्चा, व्रतवैकल्ये यांचे वातावरण. त्यांच्या बहिणीच्या लग्नाच्या धामधुमीत घरची एक म्हातारी मोलकरीण कपड्यांचा ढीग धूत होती. पाहुण्यांच्या गर्दीतून ही मुलगी हळूच निसटली व त्या म्हातारीचे काम हलके करू लागली. लग्नघरी आलेल्या बाबांच्या नजरेस ती गोष्ट पडली आणि याच मुलीशी विवाह करावा असे त्यांच्या मनाने घेतले. १८ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा विवाह झाला. सोयरीक जुळविताना आपण घर पाहतो, शेती पाहतो, रूप पाहतो. या सोयरिकीत पाहिली गेली ती पाठीमागच्या अंगणात, कोणी पाहत नसताना केलेली एक लहानशी मदत.

लग्नानंतर या दोघांनी वरोऱ्याजवळ ‘श्रमाश्रम’ नावाची वसाहत उभी केली. निरनिराळ्या जातींची कुटुंबे तेथे एकत्र राहत, एकत्र खपत व एकत्र जेवत. शास्त्र्यांच्या घरात सोवळ्यात वाढलेल्या नवविवाहितेला पहिल्याच पावलावर हा संसार मिळाला. बाबा वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, तेव्हा भंगीकाम करणाऱ्यांची गाऱ्हाणी नुसती ऐकून त्यांचे समाधान झाले नाही. काही महिने त्यांनी स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या.

याच कामात असताना एका पावसाळी रात्री रस्त्याच्या कडेला गटाराजवळ त्यांस काही पडलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले, तो तो माणूस होता. हातापायांची बोटे झडलेली, अंगावरच्या जखमांत किडे पडलेले. कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेतील तो मनुष्य. त्याचे नाव तुळशीराम. ज्यांना गांधीजींनी अभय साधक म्हटले, ते बाबा त्या दृश्याने घाबरून तेथून निघून गेले. हे त्यांनी कधी लपविले नाही. त्या भीतीने त्यांस झोप लागू दिली नाही. शेवटी ते परत आले, त्या माणसावर निवारा उभारला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली.

येथे वाचकांस शुभवर्तमानातील कुष्ठरोगी आठवेल. प्रभूने त्यास बरे केले ते केवळ शब्दाने नव्हे, हात लावून. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहून त्याच रोगाने १८८९ साली मृत्यू पावलेले फादर दामियन यांनाही ख्रिस्तसभेने २००९ साली संत म्हणून घोषित केले. शिवण्याचे धैर्य ही पहिली पायरी होय. परंतु आमटे पतिपत्नी त्या पायरीवर थांबली नाहीत. शिवल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांस शेतात सापडले.

बाबांनी आपला विचार पत्नीस सांगितला. घरात दोन तान्ही मुले होती. विकासचा जन्म १९४७ सालचा व प्रकाशचा १९४८ सालचा. रोगाविषयी त्या काळी लोकांत केवढी धास्ती होती हे जुन्या माणसांस ठाऊक आहे. अशा वेळी आईने नकार दिला असता, तर तिला दोष कोण देता? साधनाताईंनी होकार दिला. आमच्या मते आनंदवनाची कोनशिला या होकाराने बसली. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्याच वर्षी बाबा कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयात कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले. डॅप्सोन हे गुणकारी औषध त्या सुमारास वापरात येऊ लागले होते. रोग बरा होऊ लागला, पण बरा झालेला माणूस जाणार कोठे? गाव त्यास घेत नव्हते, घर त्यास घेत नव्हते, मजुरीस कोणी बोलावीत नव्हते. औषधाने अंगातील जंतू मरतात. शेजाऱ्याच्या मनातील भीती मारणारे औषध कलकत्त्यासही मिळत नव्हते.

१९५१ साली वरोऱ्याजवळ सरकारकडून पन्नास एकर जमीन मिळाली. नागपुराहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे ठिकाण आज हिरवेगार दिसते. त्या वेळी तेथे दगड, झुडपे, विंचू, साप आणि रानातील श्वापदे यांचेच राज्य होते. त्या माळावर जे कुटुंब राहावयास गेले, त्याची मोजदाद प्रसिद्ध आहे. नवराबायको, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि गाठीला चौदा रुपये. या माळाला त्यांनी नाव दिले ‘आनंदवन’.

शेतकऱ्याला ठाऊक असते, की जमीन कितीही असली तरी पाणी नसेल तर ती जमीन म्हणजे नुसता सात-बाराचा कागद. पहिले काम विहिरीचे होते. पहार, कुदळ, टिकाव व घमेली एवढीच आयुधे. खणणारे हात कसे होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा बधिर होतात. आपल्या तळहाताला फोड येऊ लागला तर आपण कुदळीची पकड बदलतो. ज्याच्या हाताला संवेदनाच नाही, त्यास फोड आलेला कळत नाही, तो फुटलेला कळत नाही, आणि पुढे जखम चिघळून बोट जाते. असे हात वापरावयाचे, तर काम संपल्यावर दररोज तळहात व तळपाय डोळ्यांनी तपासावे लागतात, धुवावे लागतात, बांधावे लागतात. बैलाच्या खांद्याची व खुरांची काळजी घेणाऱ्या शेतकऱ्याला ही निगराणी समजेल. आठवड्यांमागून आठवडे कठीण खडक फोडल्यावर त्या विहिरीस पाणी लागले. मग ज्वारी आली, मका आला, भाजीपाला आला. भिकेशिवाय ज्यांस दुसरा मार्ग उरला नव्हता, ते स्वतः पिकविलेले अन्न खाऊ लागले.

आता या कथेतील ज्या भागासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे येतो. जमिनीने हात दिला आणि भाजी घरच्या गरजेपेक्षा अधिक निघाली. जास्तीची भाजी कोणताही शेतकरी जे करतो तेच करून, बाजारात पाठवावी असे ठरले. ती वरोऱ्यास गेली. ताजी होती, चांगली होती. परंतु ती कोणाच्या हातची आहे हे लोकांस ठाऊक होते, आणि ती कोणी घेईना. ज्याने आपला माल बाजारातून तसाच परत आणला आहे, त्यास त्या दिवसाचे दुःख वेगळे सांगावयास नको. येथे दुःख पैशाचेही नव्हते. बियाणे चांगले होते, पाणी होते, मेहनत होती, परमेश्वराने पाऊस दिला होता. अडले ते एका ठिकाणी. विकत घेणाऱ्याचा हात पुढे होईना.

विचार करा, वरोऱ्याची ती माणसे काही दुष्ट होती काय? नव्हती. त्यांतील पुष्कळ जण देवळात जाणारे, दानधर्म करणारे असतील. रस्त्यावरच्या कुष्ठरोग्याच्या वाडग्यात त्यांनी पैसा टाकला असेल. वाडग्यात पैसा टाकणे सोपे असते. आपण वर उभे असतो, तो खाली बसलेला असतो, आणि मध्ये हातभर अंतर राखता येते. त्याच माणसाने पिकविलेली वांगी पैसे मोजून घेणे, घरी नेणे, मुलांच्या ताटात वाढणे, ही गोष्ट निराळी. तेथे तो भिकारी राहत नाही, आपल्याच बरोबरीचा शेतकरी होतो. भीक घालताना आपला मान वाढतो. भाजी घेताना त्याचा मान वाढतो. दान माणसाला दुबळे करते व काम त्यास उभे करते, ही बाबांची शिकवण होती. आम्ही तीस एवढीच जोड देतो, की काम करणाऱ्याला उभे राहण्यासाठी समोर गिऱ्हाईकही लागते.

ही कोंडी फुटली ती बाहेरच्या माणसांमुळे. पहिल्या काही वर्षांतच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून दवाखान्याच्या इमारती बांधल्या, आणि तेथेच पिकलेले अन्न ते रोज जेवले. दूर देशीची ही तरुण मंडळी येथे जेवतात व धडधाकट राहतात, हे गावाने डोळ्यांनी पाहिले, तेव्हा लोकांची भीती ओसरू लागली असे सांगतात. व्याख्यानांनी जे झाले नाही ते चार घास जेवल्याने झाले.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ साली शोधून काढला, बहुतेक माणसांच्या अंगी या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती असते हेही पुढे कळले, आणि १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाल्यावर हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. ज्ञान झपाट्याने पुढे गेले. कायदा मात्र मागे राहिला. कुष्ठरोग्यांना वेगळे कोंडून ठेवण्यासाठी केलेला १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. जोडीदारास कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण म्हणून मान्य करणारी तरतूद २०१९ साली निघाली. ती ख्रिस्ती विवाहांस लागू असलेल्या १८६९ च्या कायद्यातही होती, हे आपल्या कुटुंबांनी लक्षात घ्यावे. आजारपणातही एकमेकांस अंतर देणार नाही, अशी शपथ वेदीसमोर घेणाऱ्या आपल्या विवाहांना ती तरतूद किती विसंगत होती!

ज्या गावाने भाजी नाकारली, त्या गावाशी या कुटुंबाने पुढे कसे वर्तन ठेवले? सामान्य माणूस म्हणाला असता, आमचे आम्ही पिकवू, आमचे आम्ही खाऊ, तुमचे तोंड पाहणार नाही. आनंदवनाने १९६४ साली महाविद्यालय सुरू केले, ते वरोरा व आसपासच्या खेड्यांतील मुलांसाठी. पुढे शेतकीच्या शिक्षणाचीही सोय तेथे झाली. ज्यांस गावाने वेशीबाहेर काढले होते, त्यांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या जागेत गावाची मुले शिकू लागली. आम्हांस या साऱ्या चरित्रात याहून मोठी क्षमा दिसत नाही. तीत भाषण नाही, उपकाराची भाषा नाही. शेतकरी जसा गेल्या साली बुडालेल्या शेतात यंदा पुन्हा बी टाकतो, तसे हे आहे.

१९६७ साली मूल तालुक्यातील सोमनाथ येथे दुसरे मोठे शिवार हाती घेतले गेले. तेथे जंगलाच्या कडेने भाताची शेती उभी राहिली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरांतील विद्यार्थ्यांसाठी श्रमाची शिबिरे भरू लागली. विहीर खणणे, बांध घालणे, माती वाहणे ही कामे शिकलेल्या मुलांनी कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या शेतकऱ्यांबरोबर केली. कोण कोणाचा गुरू झाला असेल, हे सांगावयास नको.

आता घराकडे वळू. या दोघांचे देवाविषयीचे वळण सारखे नव्हते. साधनाताईंच्या ठायी माहेरची भाविकता होती. बाबांस देवळापेक्षा माणसाच्या भंगलेल्या देहात देव अधिक दिसे. परंतु त्यावरून संसारात फाटाफूट झाली नाही. नवऱ्याचा झपाटा वाऱ्यासारखा, तर बायकोचा स्वभाव घराच्या आढ्यासारखा, न बोलता भार पेलणारा. शेकडोंच्या स्वयंपाकाची, आल्यागेल्याची, रुग्णांच्या रुसव्याफुगव्यांची काळजी तिने वाहिली. साधनाताईंनी आपले आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘समिधा’. यज्ञात ज्या काड्या पडतात व ज्वाला मात्र दुसऱ्याच्या नावाने ओळखली जाते, त्या समिधा. आपल्या गावोगावच्या शेतकरी बायकांना या नावाचा अर्थ कोणी समजावून देण्याची जरूर नाही. सात-बाऱ्यावर नाव नवऱ्याचे, आणि निंदणी, खुरपणी, गुरांचे वैरणपाणी, चूल व मुले तिच्याकडे. संत इसिदोरांची मारिया असो की बाबांच्या साधनाताई, शेतकऱ्याच्या भक्तीचा अर्धा वाटा नेहमी अशा हातांचा असतो.

मुलांविषयी दोन शब्द. कुष्ठरोग्यांमध्ये लहानाची मोठी झालेली ही दोन मुले डॉक्टर झाली. शिकून शहरात दवाखाना थाटण्यास त्यांस कोणी अडविले नव्हते. विकास व त्यांच्या पत्नी भारती यांनी आनंदवनाचे काम उचलले. प्रकाश व त्यांच्या पत्नी मंदाकिनी १९७३ साली भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, माडिया गोंड लोकांत जाऊन राहिले. तेथे ना वीज होती ना धड रस्ता. त्या दोघांस २००८ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. बाबांस तेच पारितोषिक १९८५ साली मिळाले होते. तिसरी पिढीही या कामात उतरली. मुले आईबापांच्या मागे का जातात, असा प्रश्न आमच्याकडे पालक नेहमी उलट बाजूने विचारतात, की आमची मुले शेतीवर का राहत नाहीत, देवाधर्मात का रमत नाहीत? याचे एकच एक उत्तर नाही. एवढे मात्र खरे, की मुले आपण काय सांगतो यापेक्षा आपण कोणाला घरात घेतो व कोणाला दारातून परत पाठवितो, हे अधिक बारकाईने पाहत असतात.

१९९० साली बाबांस धर्मक्षेत्रातील कार्याबद्दल दिले जाणारे टेंपलटन पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ही दोघे आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला गेली, हे आरंभी सांगितलेच आहे. सरदार सरोवर धरणाविषयी लोकांची मते निरनिराळी आहेत. गुजरातेतील कोरड्या भागास त्याचे पाणी मिळाले, हे खरे. नर्मदेच्या तंटा लवादाने १९७९ साली, ज्याची बरीचशी जमीन जाईल त्यास निदान दोन हेक्टर जमीन द्यावी असे ठरविले होते, हेही खरे. आणि अनेकांस ती जमीन मिळण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले, हेही तितकेच खरे. २०१९ साली ते धरण प्रथमच काठोकाठ भरले. धार जिल्ह्यातील निसरपूर व चिखल्दा यांसारख्या गावांत पाणी शिरले. आमटे पतिपत्नी त्या शेतकऱ्यांची जमीन वाचवू शकली नाहीत. मग त्यांचे तेथे दहा वर्षे राहणे वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे शेत जाणार आहे त्याच्या बांधावर जाऊन बसणे, हे मयताच्या घरी जाऊन बसण्यासारखे आहे. त्याने मेलेला माणूस परत येत नाही, तरी आपण जातो. आणि कोण आले होते, हे त्या घरास जन्मभर आठवते.

पुढे ही दोघे आनंदवनात परतली. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांनी तेथे देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांचा देह आनंदवनाच्या मातीत पुरला गेला. ज्या मातीत त्यांनी दगड वेचले त्याच मातीस त्यांनी शेवटी आपणांस दिले. ९ जुलै २०११ रोजी साधनाताईही गेल्या.

वाचकहो, थोर माणसांची चरित्रे वाचून आपण हात जोडतो आणि आपापल्या कामास लागतो. पन्नास एकर माळ फोडणे आपणा सर्वांस जमणारे नाही, तशी आज्ञाही कोणास नाही. परंतु या कथेत आणखी एक पात्र आहे व त्याचे काम आपणांस रोज करता येते. ते पात्र म्हणजे वरोऱ्याच्या बाजारातील गिऱ्हाईक. प्रत्येक गावात अशी कोणी तरी व्यक्ती असते, जिच्या हातचे आपण घेत नाही. कोणी रोगातून उठलेला असतो, कोणी तुरुंगातून सुटून आलेला असतो, कोणी विधवा, कोणी परजातीचा, कोणी दारू सोडून नुकताच सावरलेला. त्यांस सणासुदीला आपण जुने कपडे देतो, पावसाळ्यात पायलीभर तांदूळ देतो, आणि मनाशी म्हणतो, की आपले कर्तव्य झाले. त्याच्या कोंबडीची अंडी मात्र आपण घेत नाही. त्यास खळ्यावर मजुरीला बोलावीत नाही. त्याचे दूध आपल्या दुधात मिसळू देत नाही.

जुन्या करारात परमेश्वराने शेतकऱ्याला सांगितले, की कापणी करताना शेताच्या कडा कापू नकोस, त्या गरिबासाठी व परक्यासाठी राहू दे. त्या आज्ञेत एक नाजूक खुबी आहे. धान्य त्याच्या पदरात घालावयास सांगितलेले नाही. त्याने स्वतः शेतात यावे, आपल्या हातांनी कापावे आणि आपल्या कष्टाचे म्हणून घरी न्यावे, अशी ती योजना आहे. आमटे पतिपत्नींनी शेताची कडाच काय, सारे शेतच तसे ठेवले.

तेव्हा येत्या आठवड्यात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर घरातील सर्वांनी मिळून एकाच गोष्टीचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो. आपल्या गावात कोणाची भाजी कोणी घेत नाही? तो माणूस सापडणे कठीण जाणार नाही. मुले त्याचे नाव लगेच सांगतील. त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी. परंतु दुसऱ्या दिवशी बाजाराला निघताना पिशवी बरोबर घ्यावी, त्याच्यापुढे थांबावे, भाव विचारावा, रीतीप्रमाणे थोडी घासाघीसही करावी, आणि रास्त पैसे मोजून ती भाजी घरी आणावी. ती रांधून आपल्या मुलांच्या ताटात वाढावी व आपणही पोटभर जेवावे.